गूढ शब्दकोडे: उत्तर बसले म्हणजे सुटले असे नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे: “साधे शब्दकोडे पंधरा-वीस मिनिटांत होते. गूढ शब्दकोड्यात मात्र एक शब्द भरता येत नाही, आणि नंतर उत्तरे पाहिली तरी ती कुठून आली हे कळत नाही. एखादे कोडे सोडवून, समजावून दाखवाल का?”

दाखवतो. पण आधी एक गोष्ट. तुमची खरी अडचण शब्द न सुचण्याची नाही. उत्तर समोर असूनही ‘हेच का?’ ते कळत नाही, ही आहे. ती सुटली की शब्द आपोआप सुचू लागतात. मी बरीच वर्षे ही कोडी सोडवतो, अधूनमधून रचतोही. सुरुवातीची दोन-तीन वर्षे माझेही हेच व्हायचे. छापलेल्या उत्तरांच्या यादीत नुसते शब्द असायचे, कारणे नसायची. मी मान डोलवायचो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच अडकायचो.

साध्या कोड्यात शोधसूत्र (म्हणजे उत्तर ओळखण्यासाठी दिलेली ओळ) आणि उत्तर यांच्यात एकच धागा असतो, अर्थाचा. ‘कमळ’ असे दिले की तुम्ही पंकज, नीरज, सरोज असे मनात मोजता आणि घरे जुळतील तो भरता. गूढ शोधसूत्रात एकाच शब्दाकडे जाणाऱ्या दोन वाटा असतात. सूत्राच्या एका टोकाला, अगदी सुरुवातीला किंवा अगदी शेवटी, उत्तराचा सरळ अर्थ असतो. त्याला व्याख्या म्हणू. उरलेल्या भागात तो शब्द अक्षरांनी कसा तयार करायचा याची कृती असते. तिला बांधणी म्हणू. व्याख्या मधोमध कधीच नसते. आणि सबंध सूत्र वाचून डोळ्यांपुढे जे चित्र उभे राहते ते फक्त तुम्हाला चकवण्यासाठी असते. त्या चित्रावर विश्वास ठेवला की संपले.

आता कागद घ्या. पाच रकाने, सहा ओळी आखा. या उत्तरासाठी पाच शब्दांचे छोटे कोडे रचले आहे. एका घरात एक अक्षर, काना-मात्रा-वेलांटीसकट. आकडा घरांचा.

1 आडवा (पहिली ओळ, तिसऱ्या घरापासून): दसऱ्याच्या गडबडीत अंगावर चढवलेला (3)

2 उभा (पहिल्या ओळीच्या चौथ्या घरातून खाली): भावाला लागून मद्यालय, तिथेच बसतो राजा (4)

3 आडवा (चौथी ओळ, पहिल्या घरापासून): प्रामाणिक माणसाला मोटार मिळाली, व्याजाने पैसे देतो (4)

4 उभा (चौथ्या ओळीच्या तिसऱ्या घरातून खाली): काळ्याच्या पोटात आणि काय असणार? पक्षी! (3)

5 आडवा (सहावी ओळ, पहिल्या घरापासून): फळ घट्ट बांधा (3)

पुढे वाचण्याआधी पाच मिनिटे स्वतः झगडून पाहा. नाही सुटले तरी चालेल, पण झगडलेले असले की पुढचे नीट उतरते.

मी 1 पासून सुरू करत नाही. आधी सगळी सूत्रे वाचतो आणि जिथे व्याख्या उघडी पडली आहे असे वाटते तिथे हात घालतो. इथे 4 उभ्यात शेवटचा शब्द ‘पक्षी’. टोकाला, एकटा, स्वच्छ. म्हणजे तीन अक्षरी पक्षी हवा. चिमणी, पोपट, घुबड, गरुड, बगळा, कावळा, ससाणा. यादी संपत नाही, म्हणून बांधणीकडे जायचे. ‘पोटात’ हा शब्द दिसला की कान टवकारा. पोटात, कुशीत, कवेत, गिळले, वेढले असे काही आले की बहुधा एका शब्दाच्या आत दुसरा घालायचा असतो. कोणाच्या पोटात? काळ्याच्या. काय? इथेच सगळे अडकतात, कारण उत्तर त्याच्या पुढच्याच शब्दात आहे आणि तो शब्द आपण शब्द म्हणून वाचतच नाही. ‘आणि’. आणि म्हणजे व. का-ळा च्या मध्ये व घाला. कावळा.

हे सूत्र मला स्वतःला आवडते, कारण कावळा खरोखरच काळा असतो आणि चित्र व कृती एकमेकांना चिकटून बसतात. पण कडक परीक्षक यात एक खोट काढेल. ‘काय’ या शब्दाला काहीच काम नाही. ‘आणि काय असणार?’ हा बोलण्यातला ओघ यावा, ‘आणि’कडे कोणाचे लक्ष जाऊ नये, म्हणून तो मी ठेवला. परीक्षकाचे म्हणणे रास्त आहे. मी तरीही ठेवला.

कावळ्याने दोन अक्षरे दिली. 3 आडव्याचे तिसरे घर ‘का’, आणि 5 आडव्याचे शेवटचे ‘ळा’.

5 आडवा तीनच शब्दांचा आहे. एवढ्या छोट्या सूत्रात कृतीला जागाच नसते, म्हणून मनात पहिली शंका आणायची ती दोन व्याख्यांची. म्हणजे बांधणीच्या जागी दुसरी व्याख्याच असते. एका टोकाला ‘फळ’, दुसऱ्या टोकाला ‘घट्ट बांधा’, दोन्हींचे उत्तर एकच. शेवट ‘ळा’. कोणाला दोरी घट्ट बांधायला सांगताना आपण काय म्हणतो? आवळा! नाम आणि आज्ञार्थी क्रियापद एकाच रूपात सापडले की रचणाऱ्याची चैन असते.

(आळा या शब्दात व घातला तरी आवळाच होतो. म्हणजे कावळ्याचीच युक्ती पुन्हा वापरता आली असती. एकाच कोड्यात एकच युक्ती दोनदा वापरू नये म्हणून टाळली.)

3 आडवा: सा, सू, शे काहीही असू शकेल, आपल्याला फक्त तिसरे ‘का’ ठाऊक आहे. प्रामाणिक माणूस म्हणजे? चोराच्या उलट कोण? साव. मोटार म्हणजे कार. साव अधिक कार, सावकार. आणि शेवटी ‘व्याजाने पैसे देतो’ ही व्याख्या. यातला ‘मिळाली’ हा शब्द बघा. चित्रात त्याचा अर्थ हाती आली असा, बांधणीत त्याचा अर्थ जोडली गेली असा. चांगल्या सूत्रात असे दुहेरी नोकरी करणारे शब्द असतात.

आता 2 उभा. हे सूत्र मी आधी एका मित्राला दिले होते. तो साध्या कोड्यांत माझ्यापेक्षा वेगवान. त्याने ‘तिथेच बसतो राजा’ वाचले, चार घरे मोजली आणि पेनाने लिहिले: सिंहासन. सिं-हा-स-न. घरे जुळली, अर्थ जुळला. मग सावकाराच्या शेवटच्या घरात ‘न’ आले आणि पहिल्या आडव्याच्या मधल्या घरात ‘सिं’. अर्धा तास तो ‘सिं’ मधोमध असलेला तीन अक्षरी शब्द शोधत होता. मी विचारले, “सिंहासनात भाऊ कुठे आहे? मद्यालय कुठे आहे?” तो म्हणाला, “ते उगाच वातावरणनिर्मितीला असेल.”

ते वाक्य म्हणजे गूढ कोड्यातली सगळ्यात महागडी चूक. वातावरणासाठी इथे काहीही नसते. सूत्रातल्या प्रत्येक शब्दाला एकतर व्याख्येत काम असते, नाहीतर बांधणीत, नाहीतर त्या दोघांना जोडण्यात. उत्तर लिहिल्यावर सूत्रातले दोन शब्द बेकार हिंडत असतील तर उत्तर चुकले आहे, मग ते कितीही राजबिंडे दिसो.

बघा मग. ‘भावाला’ हे रूप ‘भाऊ’ या शब्दाचेही होते आणि ‘भाव’ या शब्दाचेही. चित्रात भाऊ दिसतो, कामाला येतो तो भाव. बाजारातला भाव, म्हणजे दर. त्याला लागून मद्यालय, म्हणजे बार. दरबार. राजा तिथेच बसतो. शेवटचे घर ‘र’, सावकाराशी जुळते. आता एकही शब्द रिकामा नाही.

राहिला 1 आडवा. मधले घर ‘द’. ‘गडबडीत’ हा इशारा आहे, अक्षरे ढवळायची. गडबड, गोंधळ, विस्कटले, झिंगलेला, वेडा, नव्याने मांडले अशा शब्दांच्या आसपास जो शब्द असेल त्याची अक्षरे बहुधा हलवायची असतात. ‘दसऱ्याच्या’ला चिकटलेला प्रत्यय सोडा, मूळ शब्द दसरा. द-स-रा ढवळले की स-द-रा. अंगावर चढवलेला सदरा. व्याख्येतल्या ‘चढवलेला’कडेही लक्ष द्या. तो पुल्लिंगी आहे. उत्तर स्त्रीलिंगी किंवा नपुंसकलिंगी असते तर ‘चढवलेली’, ‘चढवलेले’ असे लिहावे लागले असते. मराठी सूत्रात हे लिंगाचे दान फुकट मिळते, आणि नवखे लोक ते घेत नाहीत.

इथे थोडे थांबतो, कारण मराठीत हा खेळ इंग्रजीपेक्षा बराच वेगळा वागतो आणि इंग्रजीवरून शिकलेले लोक नेमके इथे ठेचकाळतात.

इंग्रजीत एका घरात एक सुटे अक्षर. आठ घरांचा शब्द असेल आणि सगळी अक्षरे वेगळी असतील तर ती 40,320 प्रकारे मांडता येतात. त्यामुळे तिथे अक्षरे ढवळणे हे मोठे हत्यार आहे. आपल्याकडे तीन घरांचा शब्द फार तर 6 प्रकारे फिरतो, चार घरांचा 24. पुन्हा ‘रा’ हे एकच घर आहे, त्यातला काना काढून दुसरीकडे लावायची परवानगी नाही. सदरा-दसरा यासारख्या जोड्या म्हणूनच दुर्मिळ, आणि सापडल्या तरी सुटायला सोप्या. मराठी रचणाऱ्याचा खरा जोर शब्द जोडण्यात, एकात एक घालण्यात आणि दुहेरी अर्थात असतो. सोडवतानाही शंका त्याच क्रमाने घ्याव्यात.

उलटे वाचणे मात्र आपल्याला छान जमते, कारण घरे अक्षरांची असल्याने शब्द सहज पालथे पडतात. मरा मरा म्हणता राम झाला ही गोष्ट आपल्याला ठाऊकच आहे. ‘नदी उलटी वाहू लागली की गरीब (2)’ याचे उत्तर दीन. ‘माकड उलटे टांगले की शेतात डोलते (2)’ म्हणजे कपी पालथा, पीक.

विभक्तीचे सांगितलेच. इंग्रजीत शब्द सूत्रात जसाच्या तसा बसतो. मराठीत प्रत्यय लागला की शब्दाचे रूपच बदलते. दसरा दसऱ्या होतो, काळा काळ्या होतो. म्हणून प्रत्येक शब्दाचे शेपूट सोडवून मूळ शब्द बघायचा, आणि ‘भावा’सारखे दोन मूळ शब्द निघत असतील तर दोन्ही कागदाच्या कडेला लिहून ठेवायचे. मी अजूनही लिहितो.

ध्वनीवरची सूत्रे, म्हणजे ऐकायला सारखे पण लिहायला वेगळे शब्द, मराठीत थोडीच. बहुतेक बोलतो तसे लिहितो. ऱ्हस्व-दीर्घाच्या आडोशाने थोडी जमतात, दिन आणि दीन यांसारखी. पण याच्या उलट एक मजा आपल्याकडे आहे. लिहायला एक, उच्चार दोन. ‘थोडे म्हातारपण (2)’ हे सूत्र घ्या. उत्तर जरा. ‘जरा थांब’ मधला ज दातांशी लागतो, ‘जरा-मरण’ मधला ज टाळूशी. डोळ्याला शब्द एकच, कानाला दोन. म्हणून तो मनातल्या मनात उच्चारत बसलात तर सापडणार नाही. च, ज, झ असलेला शब्द आला की उच्चार बदलून पाहायची सवय लावा.

एक-अक्षरी साहित्यही जवळ बाळगावे. आणि म्हणजे व, किंवा म्हणजे वा, नकार म्हणजे न किंवा ना, लक्ष्मी म्हणजे श्री, पृथ्वी म्हणजे भू. आणि संगीताचे सात सूर, जे प्रत्येक रचणाऱ्याच्या खिशात असतातच. ‘षड्ज-पंचमावर डुलतो (2)’ असे सूत्र दिसले तर षड्ज म्हणजे सा, पंचम म्हणजे प. साप. इथे बांधणी सूत्राच्या पहिल्या भागात आहे, पण व्याख्या म्हणून सबंध वाक्यही चालते. पुंगीवर डुलणारा तोच. असे सूत्र वर्षातून एखादे जमते. जमले की रचणारा आठवडाभर सगळ्यांना ऐकवत फिरतो.

लपवलेले शब्द शोधणे सगळ्यात सोपे आणि तरी सगळ्यात जास्त निसटणारे. ‘दानव रागावला, पोटात निघाला बायकोचा धनी (3)’. शब्दांमधली मोकळी जागा पुसून टाका: दानवरागावला. मधे नवरा उभाच आहे. पण ‘पोटात’ म्हटल्यावर तुम्ही कावळ्यासारखे एकात एक घालायला गेला असाल, होय ना? इशारा एकच, कृती दोन. त्यामुळे इशाऱ्यांची यादी पाठ करून फारसे भागत नाही. सुरुवात कापणे, शेपूट तोडणे हे प्रकार मी वरवरच सांगतो, ते एका उदाहरणात कळतात: ‘पगाराची सुरुवातच कापली की थंड (2)’. गार.

तुम्ही म्हणाल, हे सगळे नियम ठरवले कोणी? क्रॉसवर्ड म्हणून आज जे ओळखतो ते आर्थर विन याने न्यूयॉर्क वर्ल्डच्या 21 डिसेंबर 1913 च्या अंकात छापले. ते साधे होते. गूढ प्रकार इंग्लंडमध्ये 1920 च्या दशकात वाढला. ऑब्झर्व्हर या वृत्तपत्रात 1926 पासून एडवर्ड पॉविस मॅथर्स कोडी रचत असे, टॉर्केमाडा या टोपणनावाने. स्पेनमधल्या धर्मचौकशीच्या (इन्क्विझिशनच्या) क्रूर प्रमुखाचे नाव त्याने घेतले, त्यावरून सोडवणाऱ्यांचे काय हाल होत असतील ते कळते. त्याच्यानंतर डेरिक मॅकनट आला. त्याचे टोपणनाव झिमेनीस, हेही दुसऱ्या धर्मचौकशी-प्रमुखाचे नाव. मॅकनटने या छळाला शिस्त लावली. 1972 मध्ये त्याची जागा जोनाथन क्राउदर याने घेतली, टोपणनाव अझेड. डेझा नावाचा आणखी एक धर्मचौकशी-प्रमुख होता. त्याच्या नावाची रोमन अक्षरे उलटी वाचली की अझेड होते, शिवाय इंग्रजी वर्णमालेचे पहिले आणि शेवटचे अक्षरही त्यात येते. टोपणनावच गूढ सूत्र.

मॅकनटची शिकवण अझेडने तीन गोष्टींत सांगितली आहे: नेमकी व्याख्या, न्याय्य बांधणी, आणि तिसरी गोष्ट म्हणजे या दोहोंखेरीज काहीही नको. तिसरीवरच माझा मित्र घसरला होता, आणि तिसरीतच मी ‘काय’ घुसडून थोडा चोर ठरतो. सगळेच रचणारे इतके कडक नसतात. काही जण मजेखातर सैल सोडतात. म्हणून कोणत्याही नव्या रचणाऱ्याची पहिली दोन-तीन कोडी त्याचा स्वभाव ओळखण्यात जातात. त्यात वेळ वाया गेला असे मानू नका.

आता समजावण्याविषयी. मी सोडवताना कोड्याच्या बाजूला प्रत्येक उत्तराची फोड लिहितो. व्याख्येखाली रेघ, मग: दर + बार. का(व)ळा. सदरा = दसरा ढवळून. जिथे उत्तर पक्के वाटते पण फोड लिहिता येत नाही तिथे शब्द पेन्सिलीने आणि पुढे प्रश्नचिन्ह. उत्तर आधी सुचून फोड नंतर सापडणे यात काही गैर नाही. माझी निम्मी तरी तशीच येतात. व्याख्येवरून अंदाज करायचा, आडव्या-उभ्याच्या अक्षराने तो तपासायचा, आणि मग उलट दिशेने सूत्र उलगडायचे. फक्त तिसरी पायरी गाळायची नाही. कोडे पूर्ण भरले आणि तीन प्रश्नचिन्हे उरली तर ते कोडे माझ्या लेखी अपुरे असते. एकदा असेच एक प्रश्नचिन्ह चार दिवसांनी अंघोळ करताना सुटले आणि कळले की उत्तर मुळातच चुकीचे होते, योगायोगाने सगळी अक्षरे जुळली होती.

दुसऱ्याला समजावताना उत्तर आधी सांगू नका. आधी विचारा, व्याख्या कुठल्या टोकाला असेल? मग विचारा, कुठला शब्द वाक्यात जरा अवघडून बसला आहे? ‘भावाला लागून’ हे बोलताना आपण सहसा म्हणत नाही, तर तिथे काहीतरी शिजते आहे. बहुतेक वेळा एवढ्यावर समोरचा स्वतःच ओरडतो. नाहीच सुचले तर एक अक्षर द्या, शब्द देऊ नका.

तुमच्यासाठी एक सूत्र मोकळे सोडतो. यात वर न आलेली युक्ती एकही नाही. उत्तर कळवाल तेव्हा शब्दाबरोबर फोडही लिहा, नुसता शब्द आला तर मी परत पाठवीन.

आठवणीच्या मधोमध आणि सहज सुटत नाही ती (3)